एकतीस अर्जांवर एकच नाव

शुक्रवारचे पत्र आता माझ्या नावाने जात नाही. बहुतेक शुक्रवारी सकाळी दहाच्या सुमारास ते इतरांसारखेच माझ्याही इनबॉक्समध्ये येऊन पडते. मी ते चहा घेता घेता वाचते आणि एखादा स्वल्पविराम खटकलाच, तर खटकू देते. हे लिहिताना मला किती हायसे वाटते, ते ज्यांनी जन्मभर चारचौघांत स्वतःचे नाव सांगण्याचे टाळले आहे त्यांनाच कळेल. हा सुटकेचा आनंद मला सहज मिळालेला नाही. त्याआधी प्रभाग समितीच्या कार्यालयात एकतीस अर्जांवर अर्जदार म्हणून माझे नाव लागले होते, आणि त्यांतला माझा अर्ज एकच होता.

राजकारण हा माझा प्रांत नव्हे. रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका औषध कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी तीस वर्षे काढली. नमुने तपासावेत, निष्कर्ष नोंदवावेत, खाली सही करावी. बोलावे फारसे लागत नसे, आणि त्यातच मी सुखी होते. निवृत्त झाले तेव्हा बाळकुमच्या या इमारतीत राहायला येऊन मला बरीच वर्षे झाली होती, पण मजल्यावरच्या चार घरांपलीकडे मी कोणालाही ओळखत नव्हते.

सुरुवात एका नागरिक सभेपासून झाली. मैदानासाठी राखून ठेवलेला एक भूखंड गुपचूप दुसऱ्याच कामाला जातो आहे, अशी कुणकुण लागली होती. मी महापालिकेचा विकास आराखडा नीट वाचून, मुद्दे कागदावर उतरवून घेऊन गेले. माझी पाळी आली तेव्हा सभाध्यक्षांनी दोनदा विचारले, "तुम्हाला काही बोलायचंय का?" मी दोन्ही वेळा मान हलवून नकार दिला. घरी आल्यावर मात्र स्वतःचाच इतका राग आला, की हजेरीच्या कागदावर ज्या अकरा जणांनी आपला ईमेल पत्ता लिहिला होता, त्या सर्वांना मी दोन पानी पत्र लिहिले.

दुसऱ्या दिवशी एकाचे उत्तर आले. वागळे इस्टेटमध्ये त्यांचे लेथ मशीनचे छोटे वर्कशॉप होते. "मॅडम," त्यांनी लिहिले होते, "सभेत दोन तास जे कोणालाच धड सांगता आलं नाही, ते तुम्ही दोन पानांत सांगितलंत. मी हे माझ्या ओळखीच्या सगळ्यांना पाठवतोय. परवानगी नंतर मागतो."

पत्र पुढे गेले आणि आम्हालाही पाठवत जा, असे म्हणणारी उत्तरे येऊ लागली. डोंबिवलीला राहणाऱ्या माझ्या थोरल्या बहिणीने आपल्या योगवर्गातल्या सगळ्यांचे पत्ते मला कळवले. तिथून ते कल्याणला पोहोचले. वर्षभरात आमच्या पत्राची वाट पाहणारे काही शे लोक झाले. प्रभागात कोणते काम मंजूर झाले, कोणते कागदावरच राहिले, हरकती नोंदवण्याची मुदत केव्हा संपते, एवढेच मी, वर्कशॉपवाल्यांच्या मदतीने, दर शुक्रवारी लिहीत असे. दोन माणसांनी प्रत्यक्ष जाऊन डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कोणतीही गोष्ट पत्रात घ्यायची नाही, हा नियम वर्कशॉपवाल्यांनी घातला. कोणत्याही पक्षाचे काही घ्यायचे नाही, हा दोघांचा. आणि कोणाचाही फोन नंबर मागायचा नाही, हा नियम माझा. बाहेर मी त्याला वाचकांच्या खासगीपणाची काळजी म्हणत असे. खरे कारण एवढेच, की नंबर जवळ असते तर कधी तरी फोन करावा लागला असता.

महापालिकेच्या निवडणुकीची चाहूल लागली तसा एका पक्षाचा कार्यकर्ता घरी आला. "मॅडम, तुमचं काम आमच्या साहेबांना फार आवडतं," तो म्हणाला. "तुमची लिस्ट आम्हाला द्या. तुमच्या पत्राखाली साहेबांचा फक्त एक फोटो टाकू. बाकी तुमचं तुम्ही चालू द्या." मी "कळवते" म्हणाले आणि तो गेल्यावर चार परिच्छेदांचा नकार लिहून पाठवला. वर्कशॉपवाल्यांना त्याची प्रत धाडली, तेव्हा ते म्हणाले, "चार परिच्छेद कशाला? नाही म्हणायला दोन अक्षरं पुरतात, मॅडम."

आता त्या चुकीकडे यायला हवे, आणि तिचे मूळ आमच्या शिस्तीत आहे. मैदानाच्या प्रकरणात आयुक्तांना एक निवेदन द्यायचे ठरले. ते मी माझ्या नावाने लिहिले आणि वाचकांना पाठवले. प्रत्येकाने ते छापावे, खाली आपली सही करावी, कार्यालयात द्यावे आणि शिक्का मारलेली पोच घ्यावी, अशी योजना होती. एका गृहस्थांनी त्यात एका अधिकाऱ्याच्या सासुरवाडीविषयी स्वतःच्या तीन ओळी घातल्या, आणि त्यामुळे त्या गठ्ठ्यातली सारी निवेदने बाजूला पडली. तेव्हापासून पाठवण्याच्या प्रत्येक मजकुराखाली मी ठळक अक्षरांत तीन वाक्ये घालू लागले: पत्र आहे तसे छापावे. मजकुरात काहीही बदलू नये. खाली सही करून द्यावे व पोच घ्यावी. आमचे वाचक बहुतेक करून शाळा, बँका आणि सरकारी कचेऱ्यांतून निवृत्त झालेले. त्यांना अशा सूचनेचा आधारच वाटे. दोन वर्षे ते ती तंतोतंत पाळत आले.

मग प्रारूप मतदार यादी लागली. महापालिकेच्या निवडणुकीसाठी मतदारांची प्रभागांप्रमाणे वाटणी करतात. ती चुकली असेल तर काही दिवसांत हरकत घ्यायची असते. आमच्या दोन इमारती आणि शेजारच्या गावठाणातल्या दोन आळ्या या यादीत माजिवड्याच्या बाजूच्या प्रभागात जाऊन बसल्या होत्या. याचा अर्थ मला गावठाणातल्या एका मावशींनी समजावला. त्या पिढ्यान्‌पिढ्या इथल्याच. आमचे पत्र त्यांच्या सुनेला येई आणि ती ते त्यांना वाचून दाखवी. दारासमोरच्या तुंबलेल्या गटारासाठी दोन वर्षे त्या हेलपाटे घालत होत्या आणि ज्याच्या दारी घालत होत्या, तो नगरसेवक पुन्हा निवडणुकीला उभा राहणार होता.

"नल आमचा इथं, गटार आमचा इथं," त्या म्हणाल्या, "नि मत द्याचा तिकडच्याला? मंग ह्याला कोन विचारनार?"

हरकत प्रत्येक मतदाराने स्वतंत्रपणे घ्यायची होती. डोंबिवलीतही अशाच काही इमारती हलल्या होत्या. मी सर्वांसाठी अर्जाचा एक नमुना तयार केला. कारखान्यात आम्हाला पहिल्या दिवसापासून शिकवले होते, की नोंदीत एकही जागा रिकामी सोडायची नाही. त्याला जागून मी नमुनाही पूर्ण भरला. सरकारी कागदावर खोटे नाव रचणे मला बरे वाटेना, दुसऱ्याचे घालणे अप्रशस्त वाटले. म्हणून स्वतःचे नाव, स्वतःचा पत्ता, स्वतःचा यादीतला क्रमांक घातला. वर एका कोपऱ्यात बारीक अक्षरांत "नमुना" असे लिहिले. आणि खाली, जुन्या पत्राच्याच साच्यावर मजकूर बेतला असल्यामुळे, ती तीन ठळक वाक्ये तशीच राहिली.

पुढचे चार दिवस "पोच मिळाली" अशी उत्तरे येत राहिली. ठाण्याचे तीस आणि माझा एक धरून एकतीस अर्ज दाखल झाले. मी वहीत नावे लिहून त्यांच्यापुढे खुणा करत होते आणि मनातल्या मनात स्वतःची पाठही थोपटत होते.

मुदत शुक्रवारी संपायची होती. गुरुवारी अकराच्या सुमारास ताईचा फोन आला.

"डोंबिवलीत घर घेतलंस आणि मला सांगितलं नाहीस?"

"कोणी घेतलं?"

"तू. आमच्या शेजारच्या काकांच्या अर्जावर अर्जदार म्हणून तुझं नाव आहे, पत्ता बाळकुमचा आणि सही काकांची. ऑफिसातून परत पाठवलं त्यांना. काका म्हणतात, पत्रात लिहिलं होतं बदलू नका, म्हणून मी नाही बदललं."

वही माझ्यासमोर उघडीच होती.

"अगं, ऐकतेस ना? इथले सात जण आहेत, त्यांना मी धरून नेते. तुझ्याकडे किती?"

"तीस."

"मग चपला घाल," ताई म्हणाली.

चपला घालण्याआधी मी अर्थातच ईमेल लिहिला. सात वाक्यांचा: चूक माझी आहे, उद्या पाचच्या आत ती सुधारायची आहे. पाऊण तास झाला तरी कोणाचे उत्तर नाही. आमचे वाचक पत्र शुक्रवारी, शांतपणे वाचत. ती सवय मीच त्यांना लावली होती. फोन नंबर एकाचाही नव्हता. होता तो वर्कशॉपवाल्यांचा, आणि दोन वर्षांत मी तो पहिल्यांदाच लावला.

"मॅडम, तुम्ही फोन केलात म्हणजे काही तरी मोठं झालेलं दिसतंय," ते म्हणाले. मी सांगितले. पलीकडे मशीनचा आवाज होता, तो बंद झाला. "तुम्ही ऑफिसला पोहोचा. मी हात धुऊन निघतो."

प्रभाग कार्यालयाच्या निवडणूक कक्षात एक मध्यमवयीन लिपिक बसले होते. त्यांनी नाव विचारले आणि मी ते सांगताच पलीकडच्या टेबलाकडे वळून म्हणाले, "अरे, त्या बाई आल्या." मग त्यांनी खणातून रबर लावलेला गठ्ठा काढला.

"काउंटरवर शिक्का मारणारा वेगळा, वाचणारा मी," ते म्हणाले. "तीन दिवस डोकं खाजवतोय. नाव एक, घर एक, सह्या एकतीस, लाइट बिलं एकतीस. साहेब म्हणाले, खोडसाळपणा आहे, सगळे एकदम निकाली काढा."

"काढलेत?"

"उद्या संध्याकाळी काढणार होतो."

मी उभ्या उभ्याच सगळे सांगितले. मी वाक्ये मध्येच सोडून देत होते, जे लिहिताना मी कधी करत नाही. त्यांनी ऐकून घेतले. मग वरचा अर्ज काढून बाजूला ठेवला. "हा तुमचा. हा एक बरोबर आहे." बाकीच्या गठ्ठ्यावर त्यांनी हात ठेवला. "हे सगळे खरे मतदार आहेत?"

"सगळे."

"मग ज्याने त्याने ओळखपत्र घेऊन यायचं आणि आपापला अर्ज दुरुस्त करायचा. उद्या पाचपर्यंत. तुम्ही कोणाच्याही वतीने काही करायचं नाही. तुमच्या नावाने इथे पुरेसे अर्ज झालेत."

बाहेर आले तेव्हा, खरे सांगायचे तर, मला निम्मे सुटल्यासारखे वाटले. अर्ज फेटाळले गेले नव्हते. उरली होती ती तीस दारे, आणि ती सगळी आमच्याच भागात, पायी फिरण्याजोगी.

गावठाणात मावशी ओट्यावरच बसल्या होत्या. सुनेने माझा ईमेल वाचून दाखवला होता.

"काय गो बाय, आख्ख्या आलीचा नाव तुजाच झाला म्हनं?"

"चूक झाली, मावशी. तुमचाही अर्ज त्यात आहे."

"ती झाली ती झाली. तू काय हाक मारनार? चल, मी मारतंय."

त्या पुढे आणि मी मागे. त्यांनी दारात उभे राहून एकेकाला हाक घातली आणि माणूस बाहेर आला की मला पुढे केले. तेरा घरे तासाभरात झाली. त्यांच्या हाकेपुढे मला दोन वाक्ये बोलणे पुरत होते. इमारतीपाशी आल्यावर मात्र त्या फाटकातच थांबल्या. "त्या लिफ्टमदी मी नाय येत. वर तू जा."

तोवर वर्कशॉपवाले पोहोचले होते. त्यांनी पलीकडची इमारत घेतली आणि मी माझी. माझ्याच इमारतीत घंटा वाजवताना मला जितकी भीती वाटली, तितकी परीक्षेतही वाटली नव्हती. तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापकांनी मला आत बसवले, चष्मा लावला आणि एका फायलीतून आमची दोन वर्षांची पत्रे काढली. प्रत्येकाखालची ती तीन वाक्ये त्यांनी लाल पेन्सिलीने अधोरेखित केली होती.

"हे आपणच लिहिलंय ना? मजकुरात काहीही बदलू नये."

"हो, सर."

"मग मी कसं बदलणार? मला वाटलं, सर्वांच्या वतीने आपणच अर्जदार आहात. मागच्या वेळी होतातच की."

"चूक माझीच आहे, सर."

"आहेच," ते म्हणाले. "उद्या किती वाजता यायचं ते सांगा. आणि लेखी देऊ नका, तोंडीच सांगा."

पाचव्या मजल्यावरच्या बाईंनी दार उघडून माझ्याकडे निरखून पाहिले. "तुम्ही इथेच राहता? सातव्यावर? दोन वर्षं मी तुमचं पत्र वाचतेय, आणि लिफ्टमध्ये आपण कितीदा तरी भेटलो असू." मी म्हणाले, भेटलोय. त्या हसल्या आणि मलाही हसू आले. त्यानंतरच्या घंटा मला तितक्या जड गेल्या नाहीत. संध्याकाळपर्यंत तीसपैकी अठ्ठावीस जणांना निरोप पोहोचला. एकजण नाशिकला मुलीकडे गेले होते. शेजाऱ्यांनी त्यांना फोन लावून दिला आणि ते सकाळी निघतो म्हणाले. एक गृहस्थ अर्ज देऊन मुलाकडे बंगळूरला गेले होते. त्यांना येणे शक्य नव्हते.

शुक्रवारी दहा वाजता कार्यालयाच्या व्हरांड्यात आमचे वाचक जमले. ईमेलवरून ज्यांची मी फक्त आडनावे ओळखत होते, ती माणसे हातात पिशव्या आणि ओळखपत्रे घेऊन एका रांगेत उभी होती. पहिल्याच गृहस्थांनी खिशातून व्हाइटनरची बाटली काढली, तसे लिपिक म्हणाले, "ते लावलंत की अर्ज बाद." दुसऱ्यांनी माझ्या नावावरच आपले नाव गिरवायला सुरुवात केली. तेवढ्यात आतून साहेब आले. "ही खाडाखोड मी चालवून घेणार नाही," ते म्हणाले.

रांगेत कुजबुज सुरू झाली. मुख्याध्यापक माझ्याकडे पाहू लागले. मी कधी पुढे झाले ते मला आठवत नाही.

"साहेब, औषधांच्या कारखान्यात चुकलेली नोंद आम्ही खोडत नाही," मी म्हणाले. "तिच्यावर एकच रेघ मारतो. मूळ अक्षरं खालून वाचता आली पाहिजेत. वर बरोबर नोंद लिहायची, शेजारी सही आणि तारीख. तपासायला येणारे सरकारी अधिकारीसुद्धा ते मान्य करतात."

साहेबांनी एक अर्ज हातात घेऊन पाहिला. "सगळ्यांनी अगदी सारखंच केलं तर चालेल," ते म्हणाले. "सांगा तुमच्या लोकांना."

मी वळले आणि सांगू लागले.

"मागे ऐकू येत नाही, मॅडम," व्हरांड्याच्या टोकाकडून वर्कशॉपवाले म्हणाले.

मी पुन्हा सांगितले, मोठ्याने. मग एकेकाने टेबलापाशी येऊन माझ्या नावावर पट्टीने रेघ मारली. मुख्याध्यापकांनी तर पट्टी घरूनच आणली होती. तीच सर्वांनी वापरली. मावशींनी रेघ मारण्याआधी माझ्याकडे बघून विचारले, "मारू का गो?" मी हो म्हटले. स्वतःचे नाव असे पुन्हा पुन्हा रद्द होताना पाहून कोणाला वाईट वाटले असते. मला प्रत्येक रेघेबरोबर मोकळे वाटत गेले. नाशिकचे गृहस्थ तीनला आले. ताईचा फोन आला, डोंबिवलीचे सातही झाले होते. साडेचारला लिपिकांनी एकोणतीस दुरुस्त अर्ज मोजून माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "जा आता घरी, बाई. चहा घ्या."

बंगळूरच्या गृहस्थांचा अर्ज फेटाळला गेला. "हरकत नाही, पुढच्या वेळी पाहू," असे त्यांनी कळवले. त्यांनी ते मनापासून लिहिले असावे, पण तो एक अर्ज मला अजून टोचतो.

पुढच्या रविवारी मुख्याध्यापक, पाचव्या मजल्यावरच्या बाई आणि वर्कशॉपवाले माझ्याकडे आले. एकाच माणसाच्या नावाने पत्र चालवण्यात काय धोका असतो, हे सर्वांनाच दिसले होते. तेव्हापासून चौघे पाळीपाळीने पत्र लिहितो, वर कोणाचेच नाव नसते, आणि अर्जाच्या नमुन्यात रिकाम्या जागा रिकाम्याच ठेवतो. वाचकांपैकी ज्यांची इच्छा आहे त्यांचे फोन नंबरही आता वहीत आहेत. ती वही माझ्याकडे असते. मधून मधून मी एखादा नंबर लावतेही.

अंतिम यादी लागली त्या सकाळी मावशींच्या सुनेने मोबाइलवरून ती काढून दोन्ही आळ्यांची पाने छापून आणली आणि मावशींनी मला बोलावणे पाठवले. मी गेले तेव्हा त्यांनी ओट्यावर माझ्यासाठी पाट मांडला होता.

"वाच," त्या म्हणाल्या.

मी पाहिले. प्रभाग आमचाच होता. मी त्यांचे नाव वाचले, वडील किंवा पती या रकान्यातले नाव वाचले, घर क्रमांक वाचला. "परत वाच," त्या म्हणाल्या. मी परत वाचले. शेजारच्या दारातून एकजण आला आणि "माझंही बघा" म्हणाला. त्याच्यामागून त्याची बायको आली, मग पलीकडचे म्हातारे. मी पहिल्या घरापासून सुरुवात केली आणि एकेक नाव वाचत गेले. ज्याचे नाव येई तो मान हलवी आणि तरीही पुढची नावे ऐकायला थांबून राही. दोन्ही आळ्या वाचून होईपर्यंत ऊन ओट्यावर आले होते.

मी पाने जुळवून मावशींच्या हातात दिली.

"आता येऊं दे त्या गटारवाल्याला मत मांगाला," त्या म्हणाल्या, आणि पाने दुमडून त्यांनी कमरेला खोचली.